पहाटे डोंगर चढायचा तर: गोव्यातल्या नवख्यांसाठी

गोव्यात सूर्यास्त आयता मिळतो. कोलव्याला बसा, मिरामारला बसा, हरमलला बसा. संध्याकाळ झाली की सूर्य आपणहून समोर येऊन समुद्रात उतरतो. सूर्योदयाचं तसं नाही. त्यासाठी उठावं लागतं, अंधारात चालावं लागतं आणि त्याआधी कुठं जायचं याचा नीट विचार करावा लागतो, कारण आपल्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे.

मी पहिल्यांदा हा विचार न करताच निघालो होतो. उंच म्हणजे चांगलं, एवढंच गणित. साखळी, केरी करत पहाटे चोर्ला घाट चढलो, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर चादरी. एका मोकळ्या कड्यापाशी गाडी लावली आणि वाट बघत बसलो. उजाडलं, खालचा गोवा हळूहळू उजळला, अंजुण्याच्या धरणाचं पाणी चमकलं. सूर्य मात्र दिसेना. तो आमच्या पाठीमागून, पठारावरच्या झाडीतून वर येत होता. झाडांवर आला तेव्हा पांढराफटक झाला होता, बघवेना. भाचा म्हणाला, “मामा, आपण उलट्या बाजूला तोंड करून बसलोय.” खरंच बसलो होतो.

डोंगर कसा निवडायचा

सह्याद्रीचे कडे पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे तुटतात आणि पूर्वेकडे ते पठार होऊन हळूहळू उतरतात. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या बहुतेक मोकळ्या जागा समुद्राकडे उघडतात. तिथून संध्याकाळ उत्तम. पहाटेसाठी वेगळा डोंगर हवा: मुख्य रांगेपासून सुटा, सपाटीत एकटा उभा असलेला, ज्याच्या पूर्वेला दरी आहे आणि दरीपलीकडे सह्याद्री. सूर्य त्या रांगेमागून वर येतो आणि आपण समोर बसलेले असतो. उंचीपेक्षा हे महत्त्वाचं.

उंचीच हवी म्हणणाऱ्याला कुणीतरी सत्तरीतला सोसोगड सुचवतो, गोव्यातला सर्वांत उंच, हजार मीटरच्या वर. कुणी वाघेरी सुचवतो. नवख्यांनी दोन्ही नावं सध्या बाजूला ठेवावीत. वाघेरी म्हादई अभयारण्यात आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, आणि सूर्योदयाला माथ्यावर पोचायचं म्हणजे रात्रीच्या जंगलातून चालायचं. २०२० च्या जानेवारीत याच भागात, गोळावलीत, चार वाघ मेलेले सापडले होते. गोव्यात वाघ येऊन-जाऊन असतात की राहतात यावर वाद घालणाऱ्यांनी ती बातमी आठवावी. परवानगी काढून, माहीतगार माणसाबरोबर, दिवसाउजेडी वाघेरी जरूर चढा. पहाटेच्या अंधारात नको.

पहिल्या पहाटेसाठी मी सांगेन तो डोंगर केपे तालुक्यातला, पारोड्याचा पर्वत. माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. हा आकडा ऐकून हसणारे भेटतात. पण महाबळेश्वरला तुम्ही गाडीनं वर जाता आणि उंची तुमच्या खात्यात जमा करता. इथं पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे चालत गेलात तर जवळपास सगळी उंची तुमच्याच पायांना मोजावी लागते. वर देवळाजवळपर्यंत डांबरी रस्ता जातो, शेवटी पायऱ्या आहेत. रस्ता आहे म्हणून नाक मुरडू नका. अंधारात पहिल्यांदा चालणाऱ्याला चुकता न येणारी वाट हीच सर्वांत मोठी सोय. शिवाय कुणाचा पाय मुरगळला तर गाडी वर बोलावता येते.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात माथा ढगात असतो, पायऱ्यांवर शेवाळ, आणि खालचा पारोड्याचा रस्ता कुशावतीच्या पुरात जातो. मार्चनंतर हवा धुरकट होते, डोंगरांवर सुकं गवत पेटतं, आठ वाजता अंग भाजायला लागतं.

हिवाळ्याचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन गार होते, थंड हवा खोलगट भागात साचते आणि नदीकाठी धुकं धरतं. पर्वताचा माथा त्या धुक्याच्या वर राहतो. कुशावतीच्या खोऱ्यात कापूस पसरल्यासारखं धुकं, त्यातून माडांचे शेंडे वर आलेले, हे दृश्य जुळून आलं तर सूर्य न दिसला तरी चालतो. आदल्या संध्याकाळी आभाळ मोकळं आणि वारा शांत असेल तर अशी पहाट मिळायची शक्यता वाढते.

आता वेळेचा घोळ. संक्रांतीपासून दिवस मोठा होतो असं आपण म्हणतो, खरं तर तो डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारापासूनच वाढू लागतो. पण तो वाढतो संध्याकाळच्या टोकाला. सकाळचं टोक जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराकडेच सरकत राहतं. नोव्हेंबरच्या मध्यात गोव्यात सूर्य ६.३५ च्या सुमाराला उगवतो, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ७.०६ च्या सुमाराला. जूनच्या सुरुवातीला सहा वाजून दोन-तीन मिनिटांनी, पण तेव्हा कोण जातंय. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आणि आपण ७४ अंशांवर, म्हणून सगळंच अर्धा तास उशिरा. त्यामुळे ‘पहाटे पाचला सूर्य बघायला’ अशी धास्ती घेऊ नका. गोव्यातला सूर्य त्या मानानं आळशी आहे.

तारीख निवडायची मुभा असेल तर पौर्णिमा गाठा. एक तर चालायला उजेड मिळतो. दुसरं म्हणजे पौर्णिमेचा चंद्र सूर्योदयाच्या सुमारालाच मावळतो. चंद्रेश्वराच्या माथ्यावरून एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला समुद्राकडे झुकलेला चंद्र, दोन्ही एकाच वेळी बघता येतात. देवाचं नावच चंद्रेश्वर. पौर्णिमेचं चांदणं पडलं की लिंगाला पाझर फुटतो, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. खालचं चांदर हे प्राचीन भोज राजघराण्याच्या राजधानीचं, चंद्रपूरचं ठिकाण. इतकी चंद्राची नावं एका परिसरात असताना अमावास्येला जाणं मला तरी बरं वाटत नाही. तारे बघायचे असतील तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला मृग पश्चिमेला कललेला असतो, त्याच्यामागे व्याध, आणि ईशान्येला सप्तर्षी चढत असतात.

आधी एकदा उजेडी जाऊन या

ही पायरी सगळे गाळतात. मी गाळू देणार नाही. ठरलेल्या पहाटेच्या आठवडाभर आधी, एखाद्या रविवारी दुपारी चारला चढा. चार गोष्टी बघायच्या. गाडी कुठं लावायची. तुम्हाला खरोखर किती वेळ लागतो. मित्राला लागतो तो नव्हे. वळणं कुठं आहेत, कुत्री कुठं आहेत. आणि माथ्यावर पूर्व कुठं मोकळी आहे.

शेवटची गोष्ट नीट करा. डिसेंबरात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, तेवीस-चोवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. फोनमधलं होकायंत्र उघडा, ११४ अंशांच्या दिशेला तोंड करा. सांगे-नेत्रावळीच्या बाजूचे डोंगर समोर येतील. त्या दिशेला झाड किंवा भिंत आड येत नाही अशी जागा हेरून ठेवा. मार्चच्या विषुवदिनाला हाच सूर्य ९० अंशांवर असेल, म्हणजे डिसेंबरातली जागा मार्चमध्ये उपयोगाची असेलच असं नाही.

देवस्थानात कुणी भेटलं तर पहाटे आलो तर चालेल ना, दार कधी उघडतं, हे विचारून घ्या. परक्याच्या अंगणातून जाताना विचारतो तसंच हे. महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका; तेव्हा डोंगर भाविकांचा असतो.

उलटं गणित

सूर्योदयाची वेळ घ्या आणि मागे मोजत या. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय ७.०५ धरू. पण सूर्योदयाला पोचलात तर अर्धा कार्यक्रम हुकला. सूर्य वर यायच्या वीस-बावीस मिनिटं आधी टॉर्चशिवाय वाट दिसायला लागते, आणि रंग त्याच्याही आधी चढतात: आधी राखाडी, मग जांभळट, मग रांगेच्या कडेला केशरी रेघ. माझ्या मते खरं बघायचं ते हेच. म्हणून माथ्यावर ६.१५ ला. नवख्यानं तासाला तीनशे मीटर चढ धरावा, म्हणजे या डोंगराला थांबत-थांबत सव्वा तास. पायथ्याहून पाचला. गाडी लावणं, बूट बांधणं, कुणीतरी काहीतरी विसरणं, यांना पंधरा मिनिटं. मडगावहून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, पणजीहून तास-सव्वा तास. मडगावकरानं पावणेचारला उठावं, पणजीकरानं तीनला किंवा आदल्या रात्री मडगावात मावशीकडे मुक्काम टाकावा.

सूर्य प्रत्यक्ष दिसायला पंचांगातल्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त लागतील. समोरची रांग क्षितिजापासून एक अंश वर आलेली असेल तर सूर्याला तेवढं चढायला साधारण चार मिनिटं लागतात. “आज येतच नाही वाटतं” म्हणून उठणारे याच चार मिनिटांत उठतात.

पिशवीत काय

डोक्याला बांधायची टॉर्च, प्रत्येकाला एक. मोबाइलची टॉर्च चालणार नाही: एक हात अडकतो, बॅटरी जाते, आणि धडपडलात तर पहिल्यांदा फुटतो तो मोबाइल. जादा सेल घ्या. पाणी माणशी एक लिटर. सुका शर्ट, हा घ्याच. चढताना अंग घामानं भिजतं आणि माथ्यावर वारा लागला की गोव्यातसुद्धा हुडहुडी भरते. उंचीनं पारा इथं जेमतेम दोन अंश उतरतो, गारठा येतो तो ओल्या कपड्यामुळे. पातळ जाकीट, कानटोपी.

खायला केळी आणि खाजें. जत्रेतून आणलेलं खाजें घरात मऊ पडायची वाट बघत असतं, ते इथं कामाला येतं: गूळ, बेसन, आलं, तीळ, चढणाऱ्याला आणखी काय हवं. वेफर्सची पाकिटं नकोत, त्यांचे कागद वाऱ्यावर जातात आणि मग देवळाच्या मागच्या झुडपांत वर्षभर लटकतात.

पायांत खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. जांभ्याचे बारीक खडे सुक्या उतारावर गोट्यांसारखे फिरतात; सपाट तळव्याचा बूट त्यावर टिकत नाही, चप्पल तर नाहीच. पँट लांब, मोजे वर ओढलेले. तुम्हाला हाफ पँट सोयीची वाटत असली तरी गवतातल्या गोचिडांनाही ती तितकीच सोयीची वाटते.

गोचिडांचा विषय निघालाच आहे तर माकडतापाबद्दल दोन शब्द. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण सापडले. गोचिडातून माणसाला होतो आणि हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या चढाईचा. घाबरायचं कारण नाही, पण पाचोळ्यात पसरून बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका आणि आरोग्य केंद्राला कळवा. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि काखा, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड बघून मग आंघोळ. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या बाजूला पुढे जाणाऱ्यांनी हे विशेष पाळावं.

अंधारात चालणं

पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश. अंगात पहाटेचा उत्साह असतो, सगळे सुसाट सुटतात आणि तिसऱ्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभे राहतात. चालता-चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘मामा, अजून किती?’ हे धाप न लागता विचारता येत असेल तर वेग बरोबर आहे. उत्तर नेहमी एकच द्यायचं: वरच्या वळणावर सांगतो.

सर्वांत हळू चालणारा पुढे, वाट माहीत असलेला शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. रस्त्यानं चालताना उजवी बाजू धरा, म्हणजे समोरची गाडी दिसते, आणि शेवटच्या माणसाच्या पिशवीवर पाठीमागे दिसेल असा एक दिवा लावा. टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारू नका. अंधाराला सरावलेले डोळे एका झोतात आंधळे होतात आणि पुन्हा सरावायला पाव तास घेतात. चांदणं असेल तर मधूनमधून सगळ्या टॉर्च बंद करून बघा. रस्ता दिसतो. नाही वाटत, पण दिसतो.

पाय ठेवायची जागा उजेडात बघून मगच पाय ठेवा, हात टेकायची जागाही. फुरसं लहान असतं, खड्यांच्या रंगाचं असतं आणि रात्रीच फिरतं. हातात काठी असू द्या, पुढे जमिनीवर टेकत चला. कुणाला साप चावलाच तर चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं यांतलं काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, १०८ ला फोन करा, थेट रुग्णालयात न्या. साप मारून बरोबर न्यायचीही गरज नाही. गवारेडा वाटेत उभा दिसला तर टॉर्च खाली करा, थांबा, त्याला जायला वेळ द्या. तो घाईत नसतो, आपणही नसावं.

गाणी लावायची नाहीत. स्पीकर घेऊन देवाच्या डोंगरावर चढणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

माथ्यावर

आधी सुका शर्ट, मग पाणी, मग बसणं. फोटो सगळ्यांत शेवटी. सूर्याची पहिली कड रांगेवर दिसल्यापासून पूर्ण बिंब सुटेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये घालवलेले लोक मी पाहिलेत, त्यांत मीही आहे. बिंब सुटल्यावर त्याच्याकडे टक लावून बघू नका.

आणि मग पाठ फिरवा. सगळे पूर्वेलाच बघत राहतात, पण आता गंमत पश्चिमेला आहे. पर्वताची सावली सासष्टीच्या शेतांवर पडलेली असते. सूर्य दोन अंश वर असताना साडेतीनशे मीटरच्या डोंगराची सावली दहा किलोमीटर लांब जाते, म्हणजे समुद्रापर्यंतच्या अर्ध्या वाटेहून पुढे. हवेत थोडं धुकं असेल तर तिची कड स्पष्ट दिसते आणि बघता-बघता ती आपल्याकडे आखडत येते. माझ्या भाच्याला सूर्यापेक्षा हेच जास्त आवडलं.

देवळात जायचं तर बूट बाहेर, अंग झाकलेलं, आवाज खाली. दर्शन झाल्यावर पायऱ्यांवर पसरू नका. भटजींची ये-जा चालू असते.

उतरताना

पाय उतरतानाच घसरतात. चढताना लक्ष असतं, उतरताना गप्पा असतात. बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले. दव पडलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर कडेनं नको, मधोमध. पहिल्या उजेडात उत्साहानं आडवाट धरणारा एक तरी निघतो. त्याला हाक मारून परत आणा.

हा डोंगर दोन-तीनदा जमला आणि भूक वाढली तर खरा उंच डोंगर म्हणून कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी, वाटेत लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. तिथं पहाटे थंडी हाडांत शिरते, त्यामुळे कपड्यांचं वरचं गणित दुप्पट करा. शनिवारची रात्र टाळा. शिड्यांपाशी रांग लागते आणि सूर्योदय रांगेतच होतो.

खाली आल्यावर पहिलं भाजी-पावाचं दुकान गाठायचं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, ताजा उंडो (गोल पाव), पातळ भाजी, एक मिरची, दोन चहा. पोट भरलं की साडेतीनला उठलेलं शरीर हिशेब मागायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच गाडीची चावी कुणाच्या तरी हातात असते. त्यामुळे परतीला गाडी कोण चालवणार हे आदल्या रात्री ठरवा आणि त्याला नऊला झोपायला पाठवा. तसं कुणी नसेल तर सावलीत गाडी लावा, काचा थोड्या खाली करा आणि वीस मिनिटं डोळे मिटा. आम्ही मडगावच्या अलीकडे एका वडाखाली झोपलो ते साडेदहाला एका म्हाताऱ्या काकांनी काच ठोठावली तेव्हाच जागे झालो. “बाबांनो, बरं आहे ना?” त्यांनी विचारलं. पर्वतावरून आलो म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, “मग झोपा.”